शेंदराखालचं नाव

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. वीस वर्षं त्याची चूल फुंकली, एवढा हक्क माझा आहे.

आमचे हे, हिंमतराव, इंग्रजांच्या पलटणीतून पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले होते. जोडीला गावचाच उखा, गजराबाईचा एकुलता एक. परत आले हे एकटेच, आणि बरोबर एक पिस्तूल. "उखा तोफेच्या गोळ्याने गेला, तिसऱ्या दिवशी मी तुर्क साहेब लोळवला अन् त्याचं पिस्तूल घेतलं, उखाचा सूड घेतला," असं हे पारावर सांगायचे. दर दसऱ्याला ते पाटावर मांडून मुठीवर तेलात कालवलेला शेंदूर स्वतः थापायचे. मी पुसायला गेले की खेकसायचे, "देवना शेंदूर कोनी खरडस का?" गजराबाई यायची, पिस्तुलापुढे डोकं टेकायची, आणि हे तिच्या पदरात नव्या बाजरीची पायली ओतायचे. गाव म्हणायचं, काय माणूस आहे! मीही म्हणायचे. वेडी मी.

यंदा आषाढात हे गेले. फौजदाराचा निरोप आला, परवाना मेलेल्याच्या नावावर आहे, दोन महिन्यांत विका नाहीतर जमा करा. फुकट का द्यावं? मी शहाद्याला मोतीलाल मिस्त्रीकडे गेले. तो पूर्वी पलटणीची हत्यारं दुरुस्त करायचा. पुण्याकडे राहून आलेला, म्हणून बोलणं पुस्तकी.

त्याने नळीतून उजेड पाहिला, नंबर वाचला. "जर्मनीचं आहे. तुर्क साहेब असली बाळगायचे. दीडशे येतील. लढाईत जिंकलेलं म्हणून सांगितलंत तर अडीचशे. हौशी लोक गोष्टीचे पैसे देतात, बाई."

मग रॉकेल लावून तो मुठीवरचा शेंदूर खरवडू लागला. पंचवीस वर्षांचे थर, खपल्या पडत होत्या. मध्येच थांबला.

"हे 'उखा भिला' कोण?"

मुठीच्या लाकडात खिळ्याने कोरलेलं होतं. भिला म्हणजे उखाचा बाप. आमच्या ह्यांना अक्षर येत नव्हतं, पगारालाही अंगठा. उखा चौथी शिकलेला. म्हणजे तुर्काकडून पिस्तूल मिळवलं ते उखाने, तो जिवंत असताना ते त्याच्याच हातात होतं. ह्यांनी मेलेल्याच्या कमरेचं काढलं, की काढण्यासाठी त्याला मारलं? देव जाणे. पण शेंदूर कशासाठी थापत होते, ते मला कळलं.

मोतीलालने कानस उचलली. "नाव घासून टाकतो. नाहीतर नवऱ्याने जिंकलं ही तुमची गोष्ट खोटी पडते अन् शंभर रुपये जातात."

"हात नका लावू," मी म्हणाले. खरं सांगते, म्हणायच्या आधी मी त्या शंभर रुपयांचा विचार केला होता.

गावात आले ती थेट गजराबाईच्या ओट्यावर. म्हातारीला आता दिसत नाही. पिस्तूल मांडीवर ठेवलं, तिचं बोट धरून अक्षरांवर फिरवलं.

"माय, हाई तुन्हा उखानं नाव शे. त्यानाच हातनं लिखेल शे."

ती चाचपतच राहिली. पोराचं दुसरं काही तिच्याकडे उरलेलं नव्हतं. हसलीसुद्धा. मग बोट थांबलं.

"पन हिंमत तं सांगे, तुर्कनं शे..."

दर दसऱ्याला पिस्तुलापुढे टेकलेलं कपाळ तिने पदराने पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. पिस्तूल परत दिलं नाही. मीही मागितलं नाही, फौजदार काय करील ते करो.

दसऱ्याला ती आली नाही. आठ दिवसांनी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पायलीभर बाजरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा. सत्तरी उलटलेली, आंधळी बाई लोकांच्या खळ्यावर चाचपत दाणे निवडते, मजुरी धान्यात घेते, आणि माझ्या दारात आणून ओतते. मी तिचे पाय धरले, म्हटलं, नको गं माय.

"पंचवीस वरीस मी मन्हा पोरनं मोल खादं, जसोदा," ती म्हणाली. "आते फेडू दे."

काल सातवी पायली आली.