फळीची जागा

लेकीच्या घरी नवी फायरप्लेस बसली, तेव्हा भोवतालची भिंत मढवायला तिने बापालाच बोलावलं. तो जुना, तिरसट सुतार. तिच्यासाठी जपलेली सागवानी फळी काखोटीला मारूनच तो आला.

"छान शोभेल. अगदी आगीला लागून बसवा," जावई म्हणाला.

सुताराने आधी जाळ करायला लावला. तासाभराने भिंतीला तळहात टेकवला, तर दहा आकडे मोजायच्या आत काढून घ्यावा लागला.

"इथे लाकूड नाही. दगडी फरशी लावायची."

"लगेच थोडंच पेटणार आहे?"

"लगेच नाहीच पेटत, जावईबापू. वर्षानुवर्षं आतल्या आत सुकतं आणि एक दिवस जराशा धगीनेही भडकतं. मला नका लाकूड शिकवू."

दोन दिवसांत त्याने फरशी बसवली. फळीचा बाक केला आणि मागे मागे सरकवत, ऊब मिळेल पण झळ लागणार नाही अशा जागी ठेवला.

लेक त्यावर बसली. आई गेल्यापासूनचं तिचं पालुपद तिने पुन्हा सुरू केलं. "बाबा, आता तरी सामान घेऊन इकडेच या."

दोन गल्ल्या पलीकडे तो एकटा राहायचा. स्वतःचा स्वभाव त्याला पुरता ठाऊक होता.

"उद्या चहाला येतो," म्हणत त्याने हत्यारांची पिशवी उचलली.

दारातून त्याने वळून पाहिलं. लेकीने बाक आगीकडे ओढायला घेतला होता. मग तिचा हात थांबला, आणि बाक होता तिथेच राहिला.