वॉशर आणतो की!

मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. एकेकाळी लालभडक होते, आता विटकरी म्हणा. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. मी आणणार नाही. माझंच पाणी आजवर इतकं गळलंय की आणखी गाळायची हौस नाही. मला राग आलाय, आणि तो मी तुम्हाला नीट ऐकवणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबर दाबून माझं अंग घडवलं, मानेत आटे बसवले आणि त्या आट्यांत फिरणारं काळं बूच दिलं. बुचाच्या बुडाशी एक वॉशर. रबराची नखाएवढी चकती, पण माझा सगळा जीव तिच्यात. मानेवर ठळक अक्षरांत सूचना उमटवली: उकळतं पाणी भरू नये. हवा काढून बूच लावावे. विस्तवापासून लांब ठेवावे. या सूचना अंगावर घेऊन मी औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात बसले. तिथून मला एका नव्या नवरीने उचललं. तिने दुकानातच उभं राहून माझी मान वाचली. त्या घरात माझी मान वाचणारी तीच पहिली आणि तीच शेवटची.

ते घर नळाची कामं करणाऱ्या मिस्त्रींचं. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. घरात त्याचे वडील, म्हणजे आजोबा, आणि पुढे झालेली लेक, चिमी. मला स्वयंपाकघरात शेगडीशेजारच्या खिळ्यावर उलटी टांगायचे. आता शेगडीशेजारी रबर टांगतात का? पण खिळा तिथेच होता, दुसरा ठोकायला कुणाला वेळ! एवढं मात्र खरं, की तिथून मला सगळं दिसायचं.

थंडीचे दिवस आले की त्या गावात सकाळी धुकं इतकं दाट, की समोरच्या बेकरीचं दार दिसायचं नाही, नुसता पावाचा वास यायचा. नळातलं पाणी गोठायचं, पाइप फुटायचे आणि मिस्त्रीची चलती व्हायची. पहाटे गेलेला माणूस दिवेलागणीला यायचा. इकडे शेगडीवर मोठं पातेलं चढायचं. गाजर, कांदा, लसूण, भरडलेली मिरी घालून ती सूप करायची. वाफेने खिडकीची काच पांढरी व्हायची आणि चिमी तिच्यावर बोटाने मांजर काढायची. खोटं कशाला बोलू, त्या वासाने मलासुद्धा बरं वाटायचं.

आणि मग आजारपणं सुरू व्हायची. त्यांचा रस्ता ठरलेला. सर्दी आणायची चिमीने, शाळेतून. चिमीकडून ती मिस्त्रीकडे जायची, मिस्त्रीकडून आजोबांकडे. घरात रीतच पडली होती, की ज्याला शिंक येईल त्याने अंथरुणातून ओरडायचं, “पिशवी!” की ती हातातला डाव ठेवून पाणी तापवायची, ते थोडं निवू द्यायची, मला भरायची, छातीशी धरून हलकेच दाबत आतली हवा काढायची आणि बूच फिरवायची. कुणाच्या पाठीला, कुणाच्या पोटाला, कुणाच्या पायाला. कौतुक माझं व्हायचं हं! “ही पिशवी म्हणजे अर्धा डॉक्टर आहे,” आजोबा म्हणायचे. उरलेला अर्धा डॉक्टर शेगडीपुढे खोकत उभा असायचा, त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

कारण सर्दी शेवटी तिच्याकडे यायचीच. आणि मीसुद्धा तिच्याकडे शेवटीच जायचे. सगळ्यांचं शेकून झालं, की माझ्यात उरलेलं कोमट पाणी तिच्या वाट्याला. ती मला कमरेशी धरून पडते न पडते तोच हाक यायची.

“सूनबाई, तेवढं सूप गरम कराल का?”

“बाबा, अंग मोडून आलंय माझं.”

“अहो, चालताफिरताय की! पडून राहिलं की अंग जास्तच धरतं. मला विचारा.”

आजोबांना विचारायलाच हवं होतं, कारण पडून राहण्याचा अनुभव घरात त्यांनाच दांडगा.

मग माझा वॉशर गेला. शेगडीच्या धगीने कडक झाला, त्याला चीर पडली. बूच कितीही आवळलं तरी थेंब यायचा. चिमीची गादी ओली झाली, तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं, “अहो, हिचा वॉशर गेलाय. येताना आणाल का?”

“आणतो की! वॉशरचं काय घेऊन बसलीस? माझ्या पेटीत वॉशरच वॉशर आहेत.”

“ते नळाचे. हिचा वेगळा असतो.”

“वॉशर म्हणजे वॉशर. आता हे तू मला शिकवणार?”

आणि आणला का? नाही. गावातला एकही गळका नळ त्याने सोडला नाही. रात्री घरी येऊन सांगायचा, अमक्याच्या न्हाणीतली गळती कशी चुटकीसरशी थांबवली. तोवर इथे त्याची बायको माझ्या मानेला फडकं गुंडाळत असायची. ते फडकं भिजलं, की दुसरं. तो हिवाळा गेला, पुढचाही गेला. उत्तर तेच, “आणतो की!” मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर या दोन शब्दांना मी शिवी ठरवली असती.

यंदा ती खरंच पडली. ताप उतरेना, खोकल्याने बरगड्या दुखायला लागल्या. डॉक्टरीणबाई घरी आल्या, छाती तपासली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “छातीत कफ भरलाय. हिने अंथरुणातून उठायचं नाही. स्वयंपाक तर मुळीच नाही. ऐकलं नाहीत तर हिला दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेगडीपुढे होती. कुणी उठ म्हणालं नव्हतं, एवढंच खरं. पण चिमीचा डबा कोण करणार, हे विचारून सगळे तिच्याकडे बघत बसले होते. कांदा चिरता चिरता तिने ओट्याचा काठ धरला आणि तिथेच खाली बसली. सूप उतू जाऊन शेगडी विझली.

तेव्हा कुठे मिस्त्री घाबरला. कामावर गेला नाही. तिला अंथरुणावर नेलं, पांघरूण घातलं आणि मला खिळ्यावरून काढलं. “आज हिचा बंदोबस्तच करतो,” म्हणाला. मला वाटलं, चला, निघाला दुकानात. कसलं काय! आपली पेटी उघडली, तिच्यातला नळाचा वॉशर काढला, बुचात कोंबला आणि आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. मग नळाखाली धरून गार पाणी भरलं, बूच पक्कडीने आवळलं, उलटी केली, झटकली.

“बघा बाबा, एक थेंब नाही!”

“अरे, तुझ्या हातचं काम!” आजोबा म्हणाले.

गार पाण्याने तपासली, मित्रांनो! आयुष्यभर गार पाण्याचे नळ जोडले, म्हणून गरम पाण्याची पिशवी गार पाण्याने तपासली. मग ते पाणी ओतलं आणि किटलीतलं उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरलं. हवा काढली नाही. मान वाचली नाही. मी फुगून टम्म झाले होते, टेप मऊ पडायला लागली होती, वॉशर सरकत होता. आणि त्याने प्रेमाने, अगदी प्रेमाने, मला तिच्या पायांशी ठेवलं. याचाच तर जास्त राग येतो. दुष्टपणाने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

ती तापात गुंगली होती. झोपेत तिने पाय हलवला, मला दाबलं, आणि बूच उडालं.

ती किंचाळली. मिस्त्री धावला, आजोबा धावले, धावताना आजोबा चक्क तरुण दिसले. पाऊल घोट्यापर्यंत भाजलं होतं. चिमी दारात उभी राहून रडत होती. आणि यावर निकाल काय लागला? मिस्त्री म्हणाला, “ही पिशवीच टाकाऊ!” आणि मला मोरीखालच्या केराच्या बादलीत फेकलं.

बादलीतून मी पुढचे दिवस ऐकले. मिस्त्रीने सूप केलं. त्यात मीठ नव्हतं, करपल्याचा वास मात्र भरपूर होता. चिमी म्हणाली, “बाबा, याला पाइपचा वास येतो.” आजोबांनी वाटी बाजूला सारली आणि विचारलं, “सूनबाई कधी उठणार?” कशी आहे, असं नाही. कधी उठणार! केर तेवढा कुणीच टाकला नाही, म्हणून मी वाचले. त्यांच्या आळसाचा मला झालेला हा एकमेव फायदा.

तिचा ताप उतरला. पट्टी बांधलेल्या पायाने लंगडत ती स्वयंपाकघरात आली. बादलीत वाकून बघितलं, मला बाहेर काढलं, धुतलं, पुसलं. मग अंगावर शाल घेतली आणि मला कापडी पिशवीत घालून बाहेर पडली.

औषधांचं दुकान त्याच रस्त्याला. दुकानदाराने बूच बघितलं, गल्ल्याखालचा खण उघडला आणि वॉशर काढून बसवलासुद्धा.

“एवढंच होतं होय वहिनी? हे तर माझ्याकडे कायम असतात. मिस्त्री रोज दुकानावरूनच जातात की, त्यांना सांगायचंत.”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली.

बास. एवढंच बोलली. माझ्या इतक्या वर्षांच्या रागापेक्षा तिचे ते दोन शब्द जड होते.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. मिस्त्री नुकताच कामावरून आला होता. आजोबांना शिंक आली आणि सवयीने हाक आली, “पिशवी!”

तिने पाणी तापवलं. थोडं निवू दिलं. मला भरलं, छातीशी धरून हवा काढली, बूच फिरवलं, उलटी करून बघितलं. एक थेंब नाही. मग ती आजोबांच्या खोलीवरून सरळ पुढे गेली, आपल्या अंथरुणावर आडवी झाली आणि मला पोटाशी घेतलं.

मिस्त्री दारात आला. “अगं, बाबा हाक मारतायत.”

“ऐकू आलं.”

“मग पिशवी?”

“आज ती माझी आहे. माझं शेकून झालं की बाबांना देईन.”

तो घुटमळला. तिच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्या बुचाकडे. नवा वॉशर त्याच्या धंद्यातल्या नजरेला लगेच दिसला. त्याची मान खाली गेली. पण भूक माणसाला गप्प बसू देत नाही.

“आणि जेवायला काय आहे?”

“पातेलं ओट्यावर आहे, भाजी टोपलीत आहे. मीठ घालायला विसरू नका.”

मित्रांनो, मला जपा, शेगडीपासून लांब टांगा, उकळतं पाणी ओतू नका, हे तर माझ्या मानेवरच लिहिलंय. मी आणखी एक सांगते, ते कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या घरातली पिशवी सगळ्यात शेवटी कुणाकडे जाते ते बघा, आणि तेव्हा तिला हात लावून बघा. ती कोमट असेल तर लाज वाटू द्या आणि उठून पाणी तापवा. “तापवतो की” म्हणत बसू नका.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी आदळत होती. काहीतरी करपलं, कुणीतरी खिडकी उघडली. आजोबांची चिडचिड ऐकू आली, “अरे, कांदा आधी घालतात!” ती उठली नाही. मी चांगली गरम होते, आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी तिच्याकडे होते.