रडून घेतलेली चकती

अवकाशातून परतणाऱ्या यानाचं पोट आगीतून सुखरूप निघावं, म्हणून त्याला राळेची ढाल बांधतात. त्या ढालीच्या चकत्या भाजणाऱ्या बाईला कारखान्यात सगळे राळबाई म्हणत. बाईचं काम सावकाश. भट्टी अंशाअंशानं चढवायची, चकती रोज तोलायची. राळ घट्ट होता होता अंगातलं पाणी सोडते. वजन उतरायचं थांबेपर्यंत बाई हलायची नाही.

घाई जावईबापूंना. मालकांच्या मुलीबरोबर कारखान्याची अक्कलही आपल्याला लग्नातच मिळाली, अशी त्यांची समजूत.

“काय राळबाई, अजून रडतेय का तुमची चकती?”

“रडू द्या की. आधी रडून घेतलं की आगीत फुटत नाही.”

“आठ दिवस रडायचं? मी एका दिवसात उरकतो. शनिवारी मालकांसमोर दोन्ही जाळू. तुमची हरली, तर तुमची बदली रंगखात्यात. कुंपणं रंगवा, सावकाश!”

बाईनं एकदा भट्टीकडे पाहिलं. एकवीस वर्षं या भट्टीच्या उबेला काढलेली.

जावईबापूंनी भट्टी एकदम रसरसवली. चकतीची कातडी तेवढी झटक्यात आवळली, आरशासारखी चकाकली. तिच्यात बघून त्यांनी भांगही नीट केला. पाणी राहिलं आत, मुकाट.

शनिवारी ज्योत सुटली. आधी बाईची चकती; रूपानं मातकट, क्षणात काळीठिक्कर.

“झाला कोळसा!” जावईबापूंनी टाळी पिटली.

कोळसा झाला खरा. पण आतला धूर त्याच्या बारीक भोकांतून सुस्कारत निघून गेला, आणि त्या काळ्या पदराआड उरलेली राळ शाबूत राहिली. मालकांनी मागच्या बाजूला हात लावला. गार!

“तो कोळसाच तर ढाल असतो, मालक,” बाई हळूच म्हणाली.

मग आरशाची पाळी. कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली, वाफेला वाट मिळेना, आणि फाट्‌! अर्धी चकती छताला, अर्धी जावईबापूंच्या कोटावर.

“ज्योतीतच काहीतरी दोष आहे,” कोट झटकत ते म्हणाले.

“असेल,” मालक म्हणाले. “बाई भट्टीवरच राहतील. आणि जावईबापू, तुम्ही आठ दिवस त्यांच्या हाताखाली चकत्या तोला.”

पाचव्या दिवशी जावईबापू घामाघूम होऊन तराजूपाशी कण्हले, “राळबाई, अजून किती रडणार हो ही?”

“तुमच्याआधी थांबेल,” बाई म्हणाली, आणि तिनं भट्टी एक अंश चढवली.