राहिलेली तिसरी हाक

तोंड रुंद, गळा बारीक आणि पोटात काही नाही, असा मी पत्र्याचा एक जुना भोंगा. मित्रांनो, तुम्ही मला नवापूरला एका कोळ्याच्या घरात आढ्याला टांगलेला पाहाल. उलटा टांगला आहे, म्हणून माझ्यात पाणी साचत नाही. खाऱ्या वाऱ्याने मात्र मला सोडलेले नाही. कडेला हात लावलात तर तांबडी भुकटी बोटाला लागेल.

पालघरच्या बाजारात डबे आणि दिवे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. रॉकेलचे दोन डबे कापून, ठोकून सरळ केले, गुंडाळले आणि डाग देऊन जोडले. मग आतून लाल रंग दिला. मला घ्यायला आलेला माणूस एका पायाने लंगडत आला होता. त्याने मला तोंडाला लावले आणि दुकानातच "अहो पालघरकर" अशी हाक घातली. रस्त्यावरची चार माणसे थांबली, एका म्हाताऱ्याच्या हातून भाजी सांडली. "हाच पाहिजे," तो म्हणाला.

त्याचे नाव नवशा. तो नवापूरचा कोळी होता, पण दर्यावर जात नव्हता. होडी वर ओढताना ती त्याच्या पायावर बसली होती, तेव्हापासून लाटेत पाय रोवून उभे राहणे त्याला जमत नसे. होडी धाकटा भाऊ देवू चालवी. नवशाने तंबूच्या सिनेमात काम धरले. पाऊस संपला की तंबूचे मालक दिनानाथशेठ बोईसरला नाहीतर पालघरला तंबू ठोकत. दिवसा नवशा बैलगाडीत बसे, गाडीच्या दोन्ही बाजूंना सिनेमाच्या चित्रांच्या फळ्या, आणि मी त्याच्या तोंडाला. माहीम, शिरगाव, तारापूर, सगळीकडे मी ओरडत गेलो आहे. माझ्या आवाजाने पोरे गाडीमागे धावत आणि गाई दावे ओढत.

नवशाला सिनेमाचे वेड होते. रोजचा खेळ तो रोज पाही, तोही पडद्याच्या मागून, कारण तिथे जागा मोकळी असे. मागून सगळे उलटे दिसते. त्यामुळे त्याने आयुष्यभर पाहिलेले सगळे खुनी डावरे होते, आणि हे त्याला कुणी सांगेपर्यंत त्याला वाटे, डावरा माणूस दिसला की जपून राहावे.

सुट्टीला घरी आला की तो किनाऱ्यावर जाळी शिवणाऱ्यांत बसे. मला शेजारी वाळूत उभे करी आणि एकेका सिनेमाचा निवाडा करी. रहस्यपटावर त्याचा राग होता. खुनी कोण हे शोधायला एवढे डोके कशाला, तो म्हणे, ज्याला सगळ्या सिनेमात कुणी चहा विचारत नाही तोच खुनी. त्यापेक्षा मेलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली ते दाखवा. गुन्हेगारीच्या सिनेमात पोलीस सगळे आटोपल्यावर येतात, तेवढे मात्र त्याला खरे वाटे. आपल्याकडेही तसेच येतात, असे तो म्हणाला की जाळी शिवणारे हसत. लढाईच्या सिनेमातला शिपाई छातीत गोळी लागल्यावर आईला, बायकोला आणि देशाला वेगवेगळा निरोप देतो, यावर तो चिडे. मरणाऱ्याला बोलायला सवड नसते, तो म्हणे. लढाईचा सिनेमा घरात काढावा. दारात बसलेल्या म्हातारीचा.

आणि भुताचे सिनेमे. त्यांच्यावर त्याचे सगळ्यात जास्त प्रेम आणि सगळ्यात जास्त भांडण. पांढरे लुगडे, हातात मेणबत्ती, वर गाणे. "भूत गातं कशाला?" तो विचारी. "भूत वळखीचं पायजे. आपल्याच मानसाच्या आवाजात हाक मारील, ते खरं भूत."

हे ऐकून देवू उठून दुसरीकडे जाऊन बसे. देवू उंच, रुंद, कसल्याही वाऱ्यात होडी घालणारा. पण भुताच्या सिनेमाला एकदा गेला, तर सगळा वेळ डोळ्यांवर टोपी ओढून भावाच्या पाठीला पाठ लावून बसला. त्याची बायको हंसा शेजारी चणे खात होती. "दर्याला भीत नाय आन कापडाला भितो," ती परत येताना म्हणाली. देवू म्हणाला, "कापडाला नाय भीत. दादाला भितो. तो बोलतो ते खरं होतं."

आता मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे पुढचे कळेल. आमच्या किनाऱ्यावर म्हातारी माणसे सांगत की बुडून मेलेला पाण्यात गिऱ्हा होऊन राहतो आणि दर्यातल्या माणसाला नावाने हाक मारतो. हाक ओळखीच्या आवाजात येते, पण दोनदाच. तिसरी हाक गिऱ्ह्याला मारता येत नाही. म्हणून पाण्यावर कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. आणि किनाऱ्यावरच्या माणसाने दर्याकडे तोंड करून नाव घ्यायचेच नाही. धुके पडले की बायका वाळूवर उभ्या राहून तांब्याची हंडी वाजवत. हंडीच्या आवाजावर होड्या आत येत.

नवशाने यातूनच आपली युक्ती काढली होती. भुताचा सिनेमा असला की तो बाजारात गाडी थांबवी आणि माझ्यातून एखादे नाव हाकारी. कुणाचेही. "मंजुळा..." मग पुन्हा, "मंजुळा..." आणि मला खाली घेऊन, हात वर करून गप्प. बाजार गप्प. तिसरी हाक तो कधीच देत नसे. लोक ती आपल्या मनात ऐकतात, तो म्हणे, आणि तीच त्यांना तंबूत आणते. खरोखर त्या दिवशी तंबू भरे. दिनानाथशेठ माझी पाठ थोपटत. मला फार अभिमान वाटे. दोन हाका आणि एक गप्प, हे माझ्या पत्र्यात आणि नवशाच्या तोंडात पक्के बसले.

पासष्टची लढाई झाली त्यानंतरचा तो हिवाळा. तंबू बोईसरला होता. लोकांना लढाईचे सिनेमे हवे होते, आणि नवशाला ते ओरडून विकावे लागत होते. तशात पडद्याचे कापड फाटले आणि शेठने दोन दिवस खेळ बंद ठेवला. नवशा मला खांद्याला अडकवून पहाटे एका बैलगाडीने नवापूरला आला. घरी कुणाला माहीत नव्हते. देवू तर रात्रीच चिंतू नावाच्या सोबत्याला घेऊन जाळ्यांवर गेला होता.

उजाडले, पण सूर्य दिसेना. असे धुके मी त्याआधी पाहिले नव्हते. नवशाची आई येसूबाई हंडी घेऊन वाळूवर उभी होती आणि लाकडाच्या तुकड्याने वाजवत होती. सावकाश, सारख्या ठेक्यात. शेजारी हंसा. बाकीच्या होड्या एकेक करून आल्या. देवूची यायची होती.

नवापूरच्या त्या जागी एका बाजूला वाळू आहे आणि दुसऱ्या बाजूला काळा खडक. भरती लागली होती, लाटांचा आवाज वाढत होता. मग धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. जवळ होता. पण नवशाला वाटले, तो खडकाकडे सरकतो आहे. हंडी त्यांना ऐकू जात नसेल, असे त्याच्या मनाने घेतले.

"आये, थांब जरा," तो म्हणाला. "तुझ्या हंडीपेक्षा माझा भोंगा लांब जातो."

येसूबाईने हात थांबवला. "नाव घेऊ नको रे दर्याकडं," ती म्हणाली.

"तो माझा आवाज वळखतो, आये."

त्याने मला तोंडाला लावले. त्याचे ओठ थंड होते. त्याच्या छातीतला सगळा वारा माझ्यातून गेला.

"देवू..."

वल्ही थांबली.

"देवू..."

आणि मित्रांनो, त्याने मला खाली घेतले. हात वर केला. गप्प उभा राहिला. ओ येते का ते त्याला ऐकायचे होते, असे तो नंतर म्हणत असे. ते खरेही असेल. पण मी त्याच्या हातात होतो. तो हात बोईसरच्या बाजारात वर जात असे, तसाच वर गेला होता. दोन हाका आणि एक गप्प. हंडी बंद होती. हंसा बंद मुठी तोंडाशी धरून उभी होती. सगळा किनारा गप्प होता.

मग वल्ह्यांचा आवाज पुन्हा आला. भराभर, आणि लांब जाणारा. नवशाने मला परत उचलले, तेवढ्यात लाकूड फुटल्याचा आवाज झाला. एकदाच झाला. ओरडणे वगैरे काही ऐकू आले नाही.

चिंतू वल्ह्याला धरून वाळूला लागला. त्याला घोंगडी पांघरून बसवले. दात वाजत होते, तरी त्याने सांगितले. ते हंडीवरच येत होते. अगदी नीट येत होते. हंडी थांबली आणि हाक आली. आवाज नवशादादाचाच, पण पोकळ, मडक्यातून आल्यासारखा. चिंतू म्हणाला, दादा बोलावतो, चल. देवूने वल्हे उचलून धरले.

"तो म्हनाला, दादा बोईसरला हाय. ह्यो दादा नाय," चिंतू म्हणाला. "म्हनाला, तिसरी हाक आली तर जाऊ. आमी थांबलो. लई थांबलो, दादा. ती आलीच नाय."

मग देवूने आवाजाकडे पाठ केली आणि जोराने वल्हवायला घेतले. आवाज वाळूवर होता. दुसऱ्या बाजूला खडक होता.

तिसऱ्या दिवशी देवूचा देह शिरगावच्या किनाऱ्याला लागला. त्या घरात चूल पेटली नाही. शेजारची गोजराबाई भाकरी आणि कालवण झाकून घेऊन येई आणि दारात ठेवून जाई. येसूबाई उंबऱ्यात बसून राही. नवशा तिच्याकडे बघत अंगणात बसे. सिनेमात काय दाखवायला हवे ते त्याला नेहमी ठाऊक असे. आता त्याला नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हते.

दिनानाथशेठांचा निरोप दोनदा आला. नवशा गेला नाही. त्याने मला आढ्याला टांगले आणि तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर सिमेंटच्या पोत्यांची राखण करायला लागला. तिथले परप्रांतीय मजूर त्याला हिंदीत विचारत, बोईसरच्या तंबूत कुठला सिनेमा लागला आहे, चांगला आहे का. तो सांगे, मी सिनेमा बघत नाही. हे त्याने एकदा घरी सांगितले, आणि येसूबाई उठून आत गेली.

मी टांगलेलाच होतो. माझ्या गळ्यात एका माशीने मातीचे घर केले. वारा आला की पूर्वी मी थोडा घुमत असे, तेही बंद झाले. मला वाटे, बरे झाले. कौतुक झालेल्या वस्तूला अडगळ सोसत नाही म्हणतात, पण मला कौतुकच सोसवत नव्हते. दिनानाथशेठांनी थोपटलेली पाठ आठवली की पत्रा तापे.

एक वर्ष गेले. पुन्हा हिवाळा आला, आणि एका सकाळी पुन्हा तसेच धुके. सगळ्या होड्या आत आल्या होत्या, हंड्या थांबल्या होत्या, बायका घरी गेल्या होत्या. तेव्हा नवशाने मला आढ्यावरून काढले. काडीने माझ्या गळ्यातली माती खरवडली. लंगडत वाळूवर गेला, जिथे त्या दिवशी उभा होता तिथेच. मला तोंडाला लावले.

मी वाट पाहिली. त्याचा श्वास माझ्यात येत होता आणि परत जात होता. आवाज येत नव्हता. त्याने मला खाली घेतले, पुन्हा लावले. ज्या तोंडाने चार गावे गोळा केली, त्या तोंडातून एक नाव निघेना.

मागून हंसा आली. तिला कुणी सांगितले नव्हते. तिने त्याच्या हातातून मला काढून घेतले.

मित्रांनो, आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. हंसाने ते लग्नात एकदा, उखाण्यात घेतले असेल, तेही हसत आणि अर्धे गिळून. तिला मला धरायचे कसे तेही ठाऊक नव्हते. तिने मला दोन्ही हातांनी घागरीसारखे धरले आणि दर्याकडे तोंड केले.

"देवू," ती म्हणाली.

फार मोठ्याने नाही. मी होतो म्हणून ते लांब गेले. धुक्यात गेले, काळ्या खडकापर्यंत गेले असेल. ती ओ ऐकायला थांबली नाही. मला खाली घेतले आणि नवशाच्या हातात परत दिले.

"झाल्या तीन," ती म्हणाली. "आता घरी चला, दादा. आय एकटी हाय."

तेव्हापासून माझ्यातून कुणी बोललेले नाही. माझी तक्रार नाही. गंज लागतो आहे, तो लागू दे. मला घासूनपुसून पुन्हा लाल रंग देऊ नका. फक्त एक मागणे आहे. तुम्ही कधी आपल्या माणसाला लांबून हाक माराल, तेव्हा मध्येच गप्प बसून त्याची परीक्षा पाहू नका. त्याने ओ देईपर्यंत हाक मारत राहा. तो जवळ येऊन रागावला तरी चालेल.

आणि हंडी वाजवणाऱ्या म्हातारीला थांबवू नका.