पिवळ्या घरांचं दुसरं दार

मी बोलतेय, टेबलावरची इमारत. हो, पुठ्ठ्याचीच. खरी इमारत अजून उभी राहायची आहे, पण तिच्या वाटणीचे सगळे हाल मीच सोसलेत. माझी बाजू कुणीतरी मांडेल म्हणून वाट बघितली. शेवटी म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात झाला. पुठ्ठा, डिंक आणि नमुने बनवणाऱ्या ताईंचा धारदार कटर, एवढ्यावर मी उभी राहिले. खाली रस्त्याकडेला दुकानं, वर घरं. काही घरं बाजारभावाने विकायची, काही कमी कमाईच्या कुटुंबांना कमी भाड्याने द्यायची, आणि सगळी एकमेकांच्या शेजारी. दार एक, लिफ्ट एक. सुरेख दिसत होते मी, उगाच नाही सांगत.

नशीब फिरलं ते एका रंगामुळे. विकायच्या घरांना बँक कर्ज देणार होती, भाड्याच्या घरांना सरकारी गृहनिधी पैसे देणार होता. कुणाचा पैसा कुठे जातोय ते बँकेच्या साहेबांना पटकन दिसावं, म्हणून ताईंनी भाड्याच्या घरांच्या खिडक्या पिवळ्या रंगवल्या, विकायच्या घरांच्या पांढऱ्याच ठेवल्या. बस्स! त्या दिवसापासून माणसं गेली आणि रंग उरला. "पिवळ्यांना बाल्कनी कशाला?" "पिवळ्यांची मुलं याच अंगणात खेळणार का?" अहो, खिडक्या पिवळ्या आहेत, माणसं नाहीत! पण पुठ्ठ्याचं ऐकतो कोण.

यातली एक पिवळी खिडकी शिवणकाम करणाऱ्या काकूंची. जिथे खरी इमारत व्हायची, तिथे पूर्वी त्यांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत संसार. खाली दुकान, वर घर आणि जायला-यायला लिफ्ट, या बोलीवर त्यांनी जागा सोडली. तात्पुरती खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, नुसत्या जिन्याची. काकांचे पाय आजारपणात गेलेले. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं, त्यानंतर ते रस्त्यावर आलेलेच नाहीत. काकू शिवलेले कपडे पोचवायला निघाल्या की वाटेत ऑफिसात डोकावायच्या आणि आपली खिडकी बघून जायच्या. म्हणायच्या, "हे खाली आले की दुकानाच्या दाराशी बसवीन. गिऱ्हाइकांशी भांडायला मला हक्काचा माणूस हवाय."

इकडे पैशावाल्यांची तऱ्हा बघा. बँक म्हणे, आधी गृहनिधीची मंजुरी आणा. गृहनिधी म्हणे, आधी बँकेची आणा. दोघांच्या मधे खेटे घालून आर्किटेक्टबाई मेटाकुटीला आल्या. बरं, प्रत्येक खेपेला कापायचं मला! बँकेला दुकानं जास्त हवीत, काप. निधीला घरं जास्त हवीत, चिकटव. माझ्या अंगावर पुठ्ठ्यापेक्षा डिंक जास्त झाला.

शेवटी बँकेच्या साहेबांनी फर्मान काढलं, "पांढरी घरं पुढे घ्या, पिवळी मागे. आमचं तारण वेगळं दिसलं पाहिजे. मागे वेगळं दार, वेगळा जिना." आणि लिफ्ट? ती पुढेच. मागे दुसरी लिफ्ट निधीच्या हिशोबात बसत नव्हती.

भाडेकरूंपैकी कुणीतरी हवं, म्हणून त्या बैठकीला काकूंनाही बोलावलं होतं. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"इमारत एक, मग दारं दोन कशाला?"

"पैसे दोन ठिकाणांहून येतात ना, बाई," साहेब म्हणाले.

"आमच्या घरातही दोघांचे पैसे दोन ठिकाणांहून यायचे. दार एकच होतं."

सगळे हसले. साहेब तर अगदी मनापासून हसले, आणि हसता हसताच त्यांनी पुढचा विषय काढला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मंजुरी आली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. काकूंनी आर्किटेक्टबाईंना बाजूला घेतलं. "म्हणजे ह्यांना खाली आणायचं कसं?"

बाईंनी मंजुरीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. "काकू, आता बदल मागितला तर कर्ज पुन्हा अडकेल हो."

"आणि नाही मागितला तर हे अडकतील," काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. त्यानंतर माझी खिडकी बघायला त्या कधी आल्या नाहीत.

आता माझा मुक्काम बँकेच्या दालनात, काचेच्या पेटीत. तोंड लोकांकडे, पाठ भिंतीकडे. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, काय छान!" मला ओरडावंसं वाटतं, अहो, जरा पेटी फिरवून तर बघा!

कापून घ्यायचा मला वीट आलाय, अगदी खरं सांगते. तरी हात जोडून विनवते. पाया अजून खणलेला नाही. काच उघडा, ताईंना बोलवा आणि मला आणखी एकदा कापा. मागचं दार बुजवा, पिवळी घरं लिफ्टपाशी आणा. आज या कामाला एक कटर पुरतो. काँक्रीट पडल्यावर कटर चालत नाही. मग काकांना एका जिन्यावरून उतरवतील आणि दुसऱ्या जिन्याने वर चढवतील, खुर्चीसकट.