आधी तेल

“अगं, चेहरा पाडून काय बसलीस? सुया मला टोचल्यात, तुला नाही,” डायलिसिसच्या खाटेवरून भाऊजी म्हणाले.

धाकटी कसनुसं हसली. फिल्टर संपत आले म्हणून निम्मी यंत्रं बंद होती. आठवड्यातून तीनदा व्हायचं ते भाऊजींचं डायलिसिस आता दोनदाच होई, आणि चार पावलांत त्यांना धाप लागे.

“माल बंदरात पडलाय,” नर्स म्हणाली. “डॉलर सुटत नाहीत म्हणे.”

“मग आमच्या मेव्हणीला सांगा की! सरकारी बँकेत डॉलरच्या किल्ल्या हिच्याच हातात,” भाऊजी कौतुकानं म्हणाले.

किल्ल्या खरंच धाकटीच्याच हातात होत्या. या चिमुकल्या देशात तेलाचा थेंब निघत नाही, सगळं बाहेरून. भाव भडकले, आणि माल विकून देश जितके डॉलर कमवी त्याहून जास्त एकट्या तेलातच जाऊ लागले. साहेबांनी फर्मान काढलं: आधी तेल, मग औषधं, उरलं तर बाकीचं. “पंप कोरडे पडले की लोक रस्त्यावर येतात, मॅडम. आजारी माणसं येत नाहीत,” ते म्हणाले होते.

फिल्टरचा अर्ज यंत्रांचे सुटे भाग म्हणून आला होता. औषधांत घेऊ का, एवढं विचारायचं होतं. पण साहेबांची बोलणी कोण खाणार? तिनं तो बाकीच्यांत ढकलला आणि तेलाच्या जहाजाचे पैसे सोडले. तेव्हा भाऊजी डोळ्यांसमोर नव्हते हे खरं. पण कुणाचे तरी भाऊजी असणारच होते, हे काय कळत नव्हतं? आज सकाळी ती साहेबांच्या हातापाया पडून आली होती. तिजोरीत आता पुढच्या महिन्यापर्यंत काही नव्हतं.

परतताना गाडीत तिनं सगळं सांगून टाकलं.

“तेल आलं नसतं तर ही गाडीही नसती,” भाऊजी म्हणाले. मग हळूच, “ताईला सांगू नकोस.”

“भाऊजी, शिव्या तरी द्या.”

“आईमागे तिनं तुला वाढवलंय. माझं काय, आज आहे उद्या नाही. तुम्ही दोघी एकमेकींना राहायला हव्यात.”

ताई दारातच उभी होती. “दमलीस ना गं? तू आहेस म्हणून मला घोर नाही.”

धाकटीनं खाली बसून भाऊजींच्या चपला काढल्या. सुजलेल्या पायांत पट्ट्यांचे वळ खोल रुतले होते.