दोन पेट्यांचा जोड

बॅटऱ्या बांधणं हे ताईचं पोटापाण्याचं काम. मोडीत निघालेल्या विजेच्या स्कूटर कारखान्यात यायच्या. त्यांच्या पोटातून सेल बाहेर काढायचे, मेलेले बाजूला टाकायचे, जिवंत असतील ते तपासायचे आणि सारख्याला सारखा लावून नवी पेटी बांधायची. एक कमजोर सेल धडधाकटांच्या ओळीत बसला की सगळी ओळ मातीत घालतो, हे ताईला कुणी सांगावं लागत नव्हतं. हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही, पान्याच्या दांड्याला काळी टेप गुंडाळलेली. काम चालू असताना कोणी गप्पा मारायला आलं तर ती मान वर करायची नाही, की नुसतं हूं म्हणायची नाही.

घरात वडील, धाकटा भाऊ आणि भावजय. वडिलांनी उभा जन्म दगड कापण्याच्या गिरणीत काढला होता आणि त्या दगडांची धूळ छातीत घेऊन ते घरी बसले होते. आता त्यांचा श्वास यंत्रावर चालायचा. हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीवाटे नाकात सोडणारं, गुडघ्याएवढं, सतत घरघरणारं यंत्र. यंत्राला वीज लागते, आणि त्या भागात वीज पाहुण्यासारखी यायची, बसायच्या आधीच उठायची. म्हणून ताईनं गच्चीवर सौरपट्ट्या बसवल्या आणि त्यांच्यावर भरणारी एक पेटी बांधून सज्जात, लोखंडी कपाटात ठेवली. दोन वर्षं त्या पेटीनं म्हाताऱ्याला तारलं.

धाकटा टेम्पो चालवायचा. स्वभावानं लाख माणूस, पण हाताला वळण नाही, असं सगळं घर म्हणायचं आणि तोही हसून मान्य करायचा. खिळा ठोकायला गेला की भिंतीचा पोपडा खाली, नळ दुरुस्त करायला गेला की शेजारी बादल्या घेऊन हजर. आई गेली तेव्हा तो लहान होता. ताईनं त्याला वाढवलं, आणि वाढवता वाढवता त्याच्या वाटणीची कामंही स्वतःच करायची सवय तिला लागली ती कायमची.

जुनी पेटी थकायला लागली तेव्हा ताईनं दुसरी बांधायला घेतली. रोज काम संपल्यावर थोडी थोडी करून ती पुरी केली, कारखान्यातच काठोकाठ भरली आणि धाकट्याच्या टेम्पोतून घरी आणली. जिन्यावरून दोघांनी ती वर चढवली तेव्हा धाकट्याच्या तोंडाला फेस आला. पेटी घरातल्या बोळात, वडिलांच्या खोलीच्या दाराशी टेकवली. आता जोडायची का, असं त्यानं विचारलं. ताई म्हणाली, इतक्यात नाही, ऊन पडू दे, जुनी भरू दे, मग बघू. हात मात्र लावू नकोस.

ऊन काही पडलं नाही. आभाळ आठवडाभर गोधडी पांघरल्यासारखं पडून राहिलं आणि जुनी पेटी रोज थोडी थोडी खाली जात राहिली.

त्या दुपारी ताई कारखान्यात होती, भावजय बेकरीत कामाला गेली होती. घरी धाकटा आणि वडील. वीज सकाळपासून गेलेली. धाकट्याचा फोन आला तेव्हा मागे यंत्राची शिट्टी ऐकू येत होती.

"जुनीत दम राहिला नाही," तो म्हणाला. "मशीन ओरडतंय. बाबांची बोटं निळी पडायला लागलीत."

"ऑक्सिजनचा सिलिंडर लाव."

"लावला होता. संपला. ताई, ही नवी भरलेली आहे ना? कसं जोडायचं ते सांग, मी जोडतो."

ताईच्या डोळ्यांसमोर त्याचे ते जाडजूड हात आले, पडलेले पोपडे आले. "तुला जमणार नाही," ती म्हणाली. "हात लावू नकोस. मी निघालेच."

"तू येईपर्यंत इथं काय उरेल? उंटावरून शेळ्या नको हाकूस, नीट सांग."

"निघाले म्हटलं ना," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मालकाला सांगायलाही ती थांबली नाही. बस मिळाली नाही, रिक्षा थांबेना. पायांत होतं नव्हतं ते बळ आणून ती निघाली. वाटेत फोन लावला तर तो उचलेना. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तिला वास आला. जळक्या प्लास्टिकचा आणि त्याखाली गोडसर, घशाला खरवडणारा. कारखान्यात एकदा तसा वास आला होता तेव्हा सगळे हातातलं टाकून पळाले होते. ती धावत सुटली.

काय झालं ते तिला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. धाकट्यानं थोडा वेळ वाट पाहिली. वडील बोलायचे थांबले तेव्हा त्यानं सज्जातून जुन्या पेटीच्या तारा बोळात ओढून घेतल्या आणि टेम्पोतला, टेप न गुंडाळलेला उघडा पाना घेऊन त्या नव्या पेटीला लावायला बसला. एक भरलेली, दुसरी रिकामी. भरल्या टाकीला रिकामी टाकी एकदम जोडली की पाणी जसं धावतं तशी वीज धावते, फक्त तिला नळ नसतो. मोठी ठिणगी उडाली, हात झटकला गेला आणि पाना नेमका नव्या पेटीच्या दोन टोकांवर आडवा पडला. तो तिथंच चिकटून लाल झाला. पेटीतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि मग आग.

बोळ ओलांडल्याशिवाय बाहेर पडायला वाट नव्हती. धाकट्यानं वडिलांना चादरीत गुंडाळलं, पाठुंगळी घेतलं आणि त्या धुरातून जिना उतरला. खाली शिंप्याचं दुकान होतं. वडिलांना तिथल्या बाकावर ठेवून तो पुन्हा वर गेला. शिंपीकाकांनी त्याचा शर्ट धरला होता, पण शर्ट त्यांच्या हातात राहिला. तो यंत्र आणायला गेला होता. बऱ्याच वेळानं ते छातीशी धरून बाहेर आला.

ताई पोचली तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाठवलेला सिलिंडर वडिलांना लावलेला होता, लोक बोळात वाळू फेकत होते, आणि धाकटा दुकानाच्या पायरीवर भाजलेला हात बादलीत बुडवून बसला होता. भुवया गेलेल्या, तोंड काळं. तिला बघून तो हसला.

"जवळजवळ जमलं होतं गं," तो म्हणाला.

दोघांनाही रुग्णालयात नेलं. वडील सावरले. धाकट्याच्या हाताला पट्ट्या बांधल्या. घसा जरा धरल्यासारखा वाटतो, एवढीच त्याची तक्रार होती. भावजय बेकरीतून पिठाच्या हातांनी तशीच धावत आली, तेव्हा तिलाही त्यानं हसवलं. आता भुवया तुझ्या पेन्सिलीनं काढ म्हणाला. संध्याकाळी मात्र त्याला धाप लागली. डॉक्टर म्हणाले, या धुरातलं विष लगेच दिसत नाही, फुप्फुसांत पाणी धरतं. त्यांनी हात टेकेपर्यंत सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

ताई रडली नाही, असं लोक नंतर बोलले. खरं म्हणजे तिला तेवढी फुरसतच नव्हती. धाकट्याला पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी वडिलांना घरी सोडणार होते, आणि घरी वीज नव्हती. सज्जातली जुनी पेटी लोखंडी कपाटामुळे वाचली होती. जळलेल्या तारा काढून नव्या टाकायच्या होत्या. दोन दिवस ऊनही लख्ख पडत होतं, कुणी मागत नसताना.

भावजयीनं आधी विरोध केला. ती वस्तू पुन्हा या घरात नको, माझ्या डोळ्यांसमोर नको, असं तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. मग म्हाताऱ्याचा श्वास कशावर चालवायचा, असं तिच्या स्वतःच्या भावानंच विचारलं, तेव्हा तिनं तो विषय सोडला. ताई सज्जात कामाला बसली तशी ती दारात येऊन उभी राहिली. बोळाच्या भिंती छपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. कितीही पुसल्या तरी हाताला काजळी लागायची.

ताईनं मीटर लावून एकेक सेल तपासला. सगळे सारखे होते. तिनं पाना उचलला.

"त्या दिवशी यांचं काय चुकलं?" भावजयीनं विचारलं.

ताईला वाटलं, सेलच खराब निघाला म्हणावं. कोणाला काय कळणार होतं? पण ती बाई तिच्याकडे अशी बघत होती की खोटं जिभेवर येईना.

"त्यानं नवीला जुनी जोडली. एक भरलेली होती, एक रिकामी."

"मग काय करायला हवं होतं?"

"जुनीच्या तारा सोडवून बाजूला ठेवायच्या. आणि नुसती नवी लावायची. मशीन चालू झालं असतं."

"किती काम असतं ते?"

"दोन नट काढायचे," ताई म्हणाली. "दोन लावायचे."

भावजय खाली बसली. खालच्या दुकानातून शिवणयंत्राचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"तुम्ही फोनवर सांगितलं असतंत, तर यांनी ऐकलं असतं?"

"त्याच्या हाताचा काय भरवसा," ताई म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे."

"ते नाही विचारलं मी, ताई. ऐकलं असतं का?"

ताईनं पाना खाली ठेवला. लहानपणी तो तिच्या मागे मागे फिरायचा, ती जे म्हणेल ते करायचा. गेल्या कित्येक वर्षांत तिनं त्याला काही करायला सांगितलंच नव्हतं.

"ऐकलं असतं," ती म्हणाली.

भावजयीनं मान हलवली, जणू तिला हवं ते मिळालं. शिव्याशाप नाही की डोळ्यांत पाणी नाही. उठून आत गेली आणि कपाट उघडून त्याचे कपडे घड्या घालायला लागली. ताईनं उरलेले नट आवळले. संध्याकाळी वडील घरी आले, यंत्र सुरू झालं.

महिनाभरानं भावजय भावाकडे राहायला गेली. भांडून नाही. वडिलांच्या पाया पडली, ताईला येते म्हणाली. सुरुवातीला अधूनमधून यायची, मग येणं विरळ झालं, मग नुसता फोन. फोनवर ती वडिलांशी बोलायची.

वडिलांना सगळं कळलं होतं. मुलगा कसा गेला, कशासाठी पुन्हा वर गेला, हे त्यांना शिंपीकाकांनी सांगितलं होतं. एकदा ताई लवकर घरी आली तर घर निपचित. दार लोटून आत गेली. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते, नळी उशाशी, यंत्र बंद. तिनं आधी पेटी पाहिली. पेटी भरलेली होती. बटण त्यांनीच दाबलं होतं.

"बाबा, हे काय?"

"थोडा वेळ राहू दे," ते धापा टाकत म्हणाले. "फार आवाज करतं."

तिनं बटण दाबलं, नळी त्यांच्या नाकाशी नीट बसवली, कानांमागून ओढून घेतली. त्यांनी तिचा हात दूर लोटला नाही, की तिच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून, कामावर जाताना, ताई शिंपीकाकांना सांगून जायची, की मधूनमधून वर येऊन आवाज चालू आहे का तेवढं बघत जा.